‘फॉरमॅट मारू का?’ : लॅपटॉप, ब्राउझर आणि फोन कोरे करण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे : लॅपटॉप फार मंद झालाय. ब्राउझर उघडला की भलतंच सर्च पान समोर येतं. फोनवर काहीही उघडलेलं नसताना जाहिराती उसळतात. हा फोन नंतर धाकट्या भावाला द्यायचाय. ‘एकदाच सगळं फॅक्टरी रिसेट मारतो, म्हणजे कटकट मिटेल, बरोबर ना?’

अर्धंच बरोबर. पंधरा-सोळा वर्षं लोकांची यंत्रं निस्तरण्यात गेली आहेत आणि त्यात सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे ‘फॉरमॅट मारून द्या’. रिसेटचं बटण दाबणं हे पाच मिनिटांचं काम. घाण नेमकी कुठल्या थरात बसलीय ते आधी ओळखणं आणि रिसेटनंतर तीच घाण आपल्या हातांनी परत आत न आणणं, खरा वेळ यात जातो. हे सोडून सरसकट सगळं पुसलं की आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, अशी गत होते. तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळी दुखणी आहेत. फोन भावाला देणं हा तर चौथाच विषय, कारण तिथे रिसेटचा हेतूच वेगळा.

ब्राउझरपासून सुरुवात करू, कारण तो कोरा करायला सर्वांत सोपा आणि नुकसान सर्वांत कमी. आधी एक चाचणी घ्या : इन्कॉग्निटो विंडो उघडा. तिथे एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम) मुळात बंद असतात, तुम्ही मुद्दाम परवानगी दिली असेल तरच चालतात. त्याहून चांगली चाचणी म्हणजे ब्राउझरमध्ये एक नवीन प्रोफाइल तयार करणं, खात्यात साइन-इन न करता. नव्या प्रोफाइलमध्ये सगळं सुरळीत असेल तर दोष तुमच्या जुन्या प्रोफाइलमध्ये आहे आणि लॅपटॉपला हात लावायची गरज नाही. बहुतेक वेळा एखादं एक्स्टेन्शनच चोर निघतं : पीडीएफ बदलून देणारं, कूपन शोधणारं, ‘नवीन टॅब सुंदर करणारं’. कधी बसवलं ते आठवतही नसतं.

कोपऱ्यात येणाऱ्या ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले’ अशा सूचनांचं मूळ तर याहून साधं असतं. कुठल्यातरी साइटला तुम्ही नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते, एवढंच. व्हायरस वगैरे काही नाही. साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सची यादी उघडा, अनोळखी नावं काढून टाका, संपलं. याच एका गोष्टीपायी अख्खा लॅपटॉप फॉरमॅट करून आलेली माणसं मी पाहिली आहेत.

तेवढ्याने भागलं नाही तर ब्राउझरचा स्वतःचा रिसेट आहेच. क्रोममध्ये सेटिंग्जच्या तळाशी ‘रिसेट सेटिंग्ज’ असतं. त्याने होमपेज, सर्च इंजिन, पिन केलेले टॅब मूळपदावर येतात, कुकीज जातात आणि एक्स्टेन्शन्स बंद होतात. बुकमार्क, हिस्टरी आणि जतन केलेले पासवर्ड राहतात. नीट वाचा : एक्स्टेन्शन्स बंद होतात, निघून जात नाहीत. आठवड्याने कुणीतरी ‘हे बंद का आहे?’ म्हणून ती परत चालू करतं. म्हणून रिसेटनंतर यादीत जाऊन नकोशी एक्स्टेन्शन्स काढूनच टाका. फायरफॉक्समध्ये याला ‘रिफ्रेश फायरफॉक्स’ म्हणतात. ते मदत मेनूमधल्या समस्यानिवारणाच्या पानावर सापडतं. तो एक्स्टेन्शन्स खरोखर काढतो, बुकमार्क आणि पासवर्ड ठेवतो, शिवाय जुना डेटा डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये बाजूला काढून ठेवतो. ही सवय मला फार आवडते. सफारीत पूर्वी एकच ‘रिसेट सफारी’ असायचं, ते २०१४ च्या आसपास गेलं. आता हिस्टरी, वेबसाइटचा डेटा आणि एक्स्टेन्शन्स वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन साफ करावी लागतात.

आता ब्राउझरचं घोडं कुठे पेंड खातं ते सांगतो : सिंक. तुम्ही लॅपटॉपवर ब्राउझर कोरा करता, परत खात्यात साइन-इन करता आणि दोन मिनिटांत तेच एक्स्टेन्शन, तेच होमपेज हजर. येरे माझ्या मागल्या. सिंकला चांगलं-वाईट कळत नाही, तो फक्त सगळीकडे सारखं करतो. ऑफिसच्या संगणकावर किंवा घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवर ते एक्स्टेन्शन जिवंत असेल तर ते तिथून परत येणार. त्यामुळे आधी सगळ्या यंत्रांवर सिंक थांबवा, प्रत्येक ठिकाणी एक्स्टेन्शन काढा आणि मगच सिंक चालू करा. सिंक चालू करताना एक्स्टेन्शन्स आणि सेटिंग्जवरची खूण काढून फक्त बुकमार्क आणि पासवर्ड ठेवले तर आणखी उत्तम.

ब्राउझरच्या मेनूत ‘तुमचा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित केला जातो’ अशी ओळ दिसते का तेही पाहा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ते स्वाभाविक आहे. घरच्या लॅपटॉपवर ही ओळ दिसली तर एखाद्या अँटिव्हायरसने धोरण (म्हणजे ब्राउझरला बदलता न येणारी, बाहेरून लादलेली सेटिंग) लावलेलं असू शकतं, किंवा एखाद्या उपद्रवी प्रोग्रामने सिस्टीममध्ये धोरण घुसवून आपलं एक्स्टेन्शन पक्कं केलेलं असतं. असं पक्कं केलेलं एक्स्टेन्शन ब्राउझरच्या रिसेटने निघत नाही, कारण धोरण ब्राउझरच्या बाहेर, विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या कोठारात) राहतं. आधी तो प्रोग्राम काढावा लागतो.

आणि नव्या प्रोफाइलमध्येच नव्हे, तर दुसऱ्या ब्राउझरमध्ये आणि फोनवरही तीच भलती पानं दिसत असतील, तर राउटरकडे बघा. नाव टाइप केल्यावर कुठल्या पत्त्यावर जायचं हे डीएनएस ठरवतं आणि राउटरमधलं डीएनएस बदललं की घरातली सगळी यंत्रं एकदम ‘बिघडतात’. हे काल्पनिक नाही. डीएनएसचेंजर नावाच्या मालवेअरने (उपद्रवी प्रोग्रामने) जगभरातल्या लाखो संगणकांचं डीएनएस बदललं होतं. एफबीआयने नोव्हेंबर २०११ मध्ये ती टोळी पकडली, पण बाधित लोकांचं इंटरनेट एकाएकी तुटू नये म्हणून तात्पुरते सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवावे लागले. राउटरच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून ते साधारण दहा सेकंद दाबून धरलं की तो मूळपदावर येतो. नंतर त्याचा ॲडमिन पासवर्ड बदलायला विसरू नका. इंटरनेट जोडणीचं यूजरनेम आणि पासवर्ड मात्र आधी लिहून ठेवा, नाहीतर राउटर कोरा झाला पण नेट कायमचं गेलं असा गोंधळ होतो.

आता लॅपटॉपकडे वळू. ‘मंद आहे’ हे लक्षण झालं, रोगाचं नाव नव्हे. पहिला प्रश्न : तुम्ही तो शेवटचा रीस्टार्ट कधी केला? ‘रोज बंद करतो की’ असं उत्तर येतं, पण विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. त्यात शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर जतन होतो आणि सकाळी तोच पुन्हा उचलला जातो. म्हणजे रोज शट डाउन करूनही आतला गाभा महिनाभर तोच राहू शकतो. ‘रीस्टार्ट’ मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू करतं. विनोदी वाटेल, पण कितीतरी ‘फॉरमॅट’ या एका शब्दावर मिटले आहेत.

दुसरं म्हणजे डिस्कची तब्येत. जुनी फिरणारी हार्ड डिस्क खराब व्हायला लागली की सगळं मंदावतं, फाइल उघडताना लॅपटॉप मध्येच थिजतो. अशा डिस्कवर रिसेट म्हणजे दमेकऱ्याला डोंगर चढायला लावणं : तासनतास वाचन-लेखन होतं आणि उरलीसुरली डिस्क त्यातच जाते. आधी डिस्कची ‘स्मार्ट’ माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, वाचणारं एखादं साधन चालवा. तिथे गडबड दिसली तर पहिलं काम डेटा बाहेर काढणं, दुसरं डिस्क बदलणं. रिसेट तिसऱ्या नंबरावर. डिस्क ठीक आहे पण काठोकाठ भरलीय, असं असेल तर जागा मोकळी करून आधी फरक पाहा.

तिसरी चाचणी म्हणजे विंडोजमध्ये एक नवीन यूजर खातं. ब्राउझरच्या नव्या प्रोफाइलचाच हा मोठा भाऊ. नव्या खात्यात लॅपटॉप चपळ असेल तर तुमच्या खात्यासोबत सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची गर्दी हे कारण. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत जाऊन ती कमी करा.

हे सगळं करूनही लॅपटॉप सुधारला नाही, किंवा मालवेअरचा खरोखर संशय आहे, तर रिसेट. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी आणि तिथे ‘रिसेट धिस पीसी’. पहिलाच प्रश्न येतो तो ‘कीप माय फाइल्स’ की ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’. पहिल्यात तुमच्या फाइल्स राहतात, बसवलेले प्रोग्राम जातात आणि गेलेल्या प्रोग्रामांची यादी डेस्कटॉपवर ठेवली जाते. ऐकायला छान. पण ‘माय फाइल्स’ म्हणजे तुमच्या यूजर फोल्डरातल्या फाइल्स. काही हिशेबाची सॉफ्टवेअरं आपला डेटा सी ड्राइव्हवर स्वतःच्या फोल्डरात ठेवतात, काही ईमेल प्रोग्राम पत्रं भलत्याच कोपऱ्यात साठवतात. त्यांचा डेटा ‘प्रोग्राम’ म्हणून गेला तर दोष कुणाला देणार? म्हणून ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तरी बॅकअप वेगळ्या डिस्कवर हवाच. आणि मालवेअरचा संशय असेल तर ‘कीप माय फाइल्स’ नकोच. ज्या फाइलमधून ते आलं ती तुमच्या डाउनलोड्स फोल्डरातच बसलेली असते.

पुढचा प्रश्न ‘क्लाउड डाउनलोड’ की ‘लोकल रीइन्स्टॉल’. २०२० पासून ही निवड मिळते. लोकलमध्ये विंडोज स्वतःच्याच फाइल्समधून स्वतःला पुन्हा बांधते. त्या फाइल्सच बिघडल्या असतील तर पायाच कच्चा. क्लाउडमध्ये ताज्या फाइल्स उतरवल्या जातात, त्यासाठी चार जीबीहून जास्त डेटा लागू शकतो. नेट बरं असेल तर मी डोळे मिटून क्लाउड निवडतो.

रिसेटआधी एका गोष्टीची खात्री अवश्य करा : बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, रिकव्हरी की. अनेक नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप कूटबद्ध होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही. २०२४ च्या विंडोज ११ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने नवीन मांडणी केली की बहुतेक यंत्रांवर हे मुळातच चालू असतं. रिसेट अर्धवट अडकला किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) काही बदललं की पडदा निळा होऊन ४८ अंकी की मागतो. ती की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन असते, पण ते खातं कुठल्या ईमेलचं हे आठवायला हवं. दुसऱ्या यंत्रावरून आधीच साइन-इन करून की डोळ्यांनी पाहा आणि कागदावर उतरवा. एका ओळखीच्या माणसाच्या लॅपटॉपवर मी हे न बघता हात घातला होता. की ज्या खात्यात होती ते त्याने कॉलेजात असताना काढलेलं, नंबर बंद, पासवर्ड विसरलेला. सहा वर्षांचे फोटो तिथेच राहिले, आणि डिस्क अजून त्याच्या कपाटात आहे. तेव्हापासून यंत्र हातात घेतलं की माझा पहिला प्रश्न कीचा असतो.

लॅपटॉपसोबत आलेल्या रिकव्हरी पार्टिशनमधून (डिस्कच्या राखून ठेवलेल्या कप्प्यातून) पूर्ववत करण्याचा पर्यायही काही वेळा दिसतो. त्यातून विंडोजबरोबर कंपनीने भरलेली सगळी अडगळही परत येते. त्यापेक्षा मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साधनाने किमान आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज उतरवून ती नव्याने बसवणं जास्त स्वच्छ. प्रॉडक्ट की शोधत बसू नका. आधी सक्रिय असलेल्या यंत्राचा परवाना बहुतेक वेळा हार्डवेअरशीच जोडलेला असतो, नेटला जोडलं की विंडोज स्वतःहून सक्रिय होते. वाय-फायचा ड्रायव्हर (वाय-फाय चालवणारा छोटा प्रोग्राम) मात्र आधीच पेन ड्राइव्हवर टाकून ठेवा. कोरी विंडोज, केबलची जागा नाही आणि वाय-फाय ओळखलं जात नाही, या कोंडीत एकदा तरी प्रत्येक जण सापडतो.

मॅकचं काम आता सोपं आहे. २०२१ च्या मॉन्टेरेपासून, ॲपलची स्वतःची चिप किंवा टी२ चिप असलेल्या मॅकवर आयफोनसारखंच ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ मिळतं. क्रोमबुकवर याला ‘पॉवरवॉश’ म्हणतात आणि ते सगळ्यांत जलद उरकतं, कारण बराचसा डेटा मुळात खात्यात असतो. डाउनलोड्स फोल्डर तेवढा पुसला जातो, तो आधी हलवा.

फोनवर उसळणाऱ्या जाहिरातींमागे अँड्रॉइडवर जवळपास नेहमी एखादं ॲप असतं. ते ओळखायला सेफ मोड वापरा : पॉवर मेनूत ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरलं की बहुतेक फोन सेफ मोडबद्दल विचारतात. त्यात तुम्ही बसवलेली ॲप्स चालत नाहीत. जाहिराती थांबल्या म्हणजे चोर त्यांच्यातच आहे. मग सेटिंग्जमध्ये ‘इतर ॲप्सवर दाखवा’ ही परवानगी कुणाकुणाला आहे ते तपासा. टॉर्च, बॅटरी सेव्हर, फोटोला फुलं लावणारं ॲप, यांना ही परवानगी कशाला हवी? ॲप काढताना ‘अनइन्स्टॉल’ बटणच फिकट दिसत असेल तर त्याने डिव्हाइस ॲडमिनचा हक्क घेतलेला असतो. आधी तो काढा, मग ॲप निघतं. ॲक्सेसिबिलिटीची (दिव्यांगांसाठीच्या सोयींची) यादीही पाहा. ती परवानगी असलेलं ॲप तुमचा पडदा वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. एखाद्या अनोळखी ॲपकडे ती दिसली तर मी फोन फॅक्टरी रिसेट करायलाच सांगतो, त्याआधी काथ्याकूट करत नाही.

फॅक्टरी रिसेट या नावाने मोठा गैरसमज केलाय. फोन कारखान्यातून आला तसा होत नाही. तुमचा डेटा आणि ॲप्स पुसली जातात. अँड्रॉइडची आवृत्ती मात्र अपडेट होऊन जिथे पोचली तिथेच राहते, कारण सिस्टीमचं पार्टिशन वेगळं असतं आणि रिसेट त्याला हात लावत नाही. २०१९ मध्ये दिसलेलं एक्सहेल्पर नावाचं मालवेअर याच फटीत बसलं होतं. अँड्रॉइड ६ आणि ७ च्या काही फोनांवर ते सिस्टीम पार्टिशनमध्ये स्वतःची प्रत लिहायचं आणि रिसेटनंतरही परत उगवायचं. तिथे अख्खं फर्मवेअर (फोनची मूळ सिस्टीम) नव्याने घालणं हाच उपाय. संगणकातही असं घडलंय : २०१८ मध्ये लोजॅक्स नावाचं मालवेअर थेट मदरबोर्डच्या यूईएफआय चिपमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या चिपमध्ये) सापडलं, म्हणजे डिस्क बदलली तरी ते जागच्या जागी. तुमच्या बाबतीत हे असण्याची शक्यता अगदी नगण्य. पण ‘रिसेट केला, तरी परत आलं’ असं कुणी सांगितलं की मी आधी सिंक आणि बॅकअप पाहतो आणि असे प्रकार अगदी शेवटी मनात आणतो.

आयफोनवर ‘रिसेट ऑल सेटिंग्ज’ आणि ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ हे एकाच पानावर राहतात आणि लोक घाबरून दोन्हीला हात लावत नाहीत. पहिल्यात फोटो-ॲप्स जात नाहीत. वाय-फायचे पासवर्ड, कीबोर्डचा शब्दकोश, ॲपल पेची कार्डं जातात आणि बाकीच्या सेटिंग्ज मूळपदावर येतात. नेटवर्कची विचित्र दुखणी त्यानेच बरी होतात. आणि जुना आयफोन मंद झाला असेल तर बॅटरीची तब्येत तपासा. थकलेल्या बॅटरीमुळे फोन अचानक बंद पडू नये म्हणून प्रोसेसरचा वेग कमी केला जातो, हे ॲपलने २०१७ च्या डिसेंबरमध्ये जाहीर मान्य केलं. तिथे रिसेट दहा वेळा केला तरी उपयोग शून्य, बॅटरी बदला.

फोन कोरा करण्याआधी काय वाचवायचं यावर थोडं जास्त बोलतो, कारण लोक रडतात ते इथे. फोटो सगळ्यांना आठवतात. आठवत नाही ते ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे लॉगिनच्या वेळी लागणारे कोड देणारं ॲप. त्यातले सहा अंकी कोड ज्या गुप्त किल्ल्यांपासून बनतात त्या फोनमध्येच असतात. गूगलच्या ऑथेंटिकेटरमध्ये खात्याशी सिंक होण्याची सोय २०२३ च्या एप्रिलमध्ये आली, पण ती चालू आहे का हे तुम्हीच तपासायचं. नाहीतर सगळी खाती दुसऱ्या फोनवर हलवा आणि प्रत्येक सेवेचे बॅकअप कोड काढून ठेवा. व्हॉट्सॲपचा बॅकअप शेवटचा कधी झाला ती तारीख डोळ्यांनी वाचा. तो पासवर्डने किंवा ६४ अंकी कीने कूटबद्ध केला असेल तर ती की नसताना बॅकअपचा काही उपयोग नाही. नंबर गूगल खात्यात जतन होतात की नुसते फोनमध्ये, ते कॉन्टॅक्ट्स ॲपमध्ये पाहा. ई-सिम असेल तर रिसेट करताना ‘ई-सिमही पुसायचं का’ हा प्रश्न घाईत वाचायचा राहून जातो. चुकून पुसलं की नवं ई-सिम येईपर्यंत ओटीपी बंद. मेमरी कार्ड ‘अंतर्गत स्टोरेज’ म्हणून जोडलं असेल तर ते त्या फोनच्या किल्लीने कूटबद्ध असतं. फोन रिसेट झाला की कार्डावरचा डेटा वाचता येत नाही, मग कार्ड कितीही जपून ठेवा.

रिसेट झाल्यावर ‘जुन्या बॅकअपमधून सगळं परत आणू का?’ असं यंत्र विचारतं आणि आपण ‘हो’ म्हणतो. मग ज्या ॲपपायी हा खटाटोप केला तेही परत येतं. दुखणं ॲपचं असेल तर यंत्र नवीन म्हणूनच सुरू करा. फोटो, नंबर, चॅट आणा. ॲप्स गरज पडेल तशी एकेक बसवा. महिन्याभराने पाहा, जुन्यांपैकी निम्मीसुद्धा परत लागलेली नसतात. संगणकावर पहिलं काम अपडेट्स, मग ब्राउझर, मग बाकीचं.

मालवेअरचा संशय होता तर आणखी एक काम उरतं आणि ते जवळपास कुणीच करत नाही. पासवर्ड चोरणारे प्रोग्राम तुमच्या ब्राउझरमधल्या सेशन कुकीजही (तुम्ही आधीच साइन-इन आहात ही खूण) नेतात. कुकी हातात असली की चोराला पासवर्डची किंवा कोडची गरज राहत नाही. तुम्ही लॅपटॉप कितीही घासूनपुसून लख्ख केला तरी जे बाहेर गेलं ते गेलं. म्हणून कोऱ्या यंत्रावरून, जुन्या नव्हे, ईमेलचा पासवर्ड आधी बदला, ‘सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट’ करा, मग बँक, मग बाकीचं. ईमेलमध्ये कुणी पत्रं परस्पर दुसरीकडे धाडणारा फॉरवर्डिंगचा नियम लावून ठेवलाय का तेही पाहा.

राहिला भावाला द्यायचा फोन. इथे प्रश्न यंत्र सुधारण्याचा नाही, आतलं काही मागे राहू नये याचा आहे. पूर्वी ही भीती अगदी खरी होती. सिमसन गार्फिंकेल आणि अभी शेलट यांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या होत्या. चालू असलेल्या १२९ पैकी फक्त १२ नीट पुसलेल्या निघाल्या, हे त्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलं. क्विक फॉरमॅट फक्त अनुक्रमणिका फाडतो, पुस्तक तसंच राहतं. फोनही मागे नव्हते : केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये २१ जुने अँड्रॉइड फोन रिसेट करून तपासले, तर त्यांतून संदेश आणि खात्यांच्या किल्ल्याही परत मिळवता आल्या. आजच्या फोनांत डेटा मुळातच कूटबद्ध असतो आणि रिसेट किल्लीच नष्ट करतो. उरतो तो निरर्थक गोंधळ. आयफोनमध्ये ही व्यवस्था २००९ च्या ३जीएसपासून आहे. अँड्रॉइड १० किंवा त्यानंतरच्या आवृत्तीसह बाजारात आलेल्या फोनांवर ती बंधनकारक आहे. तुमचा फोन फारच जुना असेल तर आधी सेटिंग्जमधून एन्क्रिप्शन (डेटा कूटबद्ध करणं) चालू करा, मग रिसेट करा.

लॅपटॉपही कधी द्यायचा झालाच तर ३५ वेळा डेटा खरवडणारी साधनं शोधू नका. ती ३५ ची कल्पना पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या निबंधातली, तेव्हाच्या डिस्कसाठीची. आजच्या डिस्कना ते लागत नाही, हे पुढे त्यांनीच लिहिलं. एसएसडीवर (न फिरणाऱ्या, चिपच्या डिस्कवर) तर ते निरुपयोगीच, कारण कुठल्या पेशीत लिहायचं हे डिस्क स्वतः ठरवते. एन्क्रिप्शन चालू असलेल्या डिस्कवर ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ घ्या, ‘क्लीन डेटा’ चालू ठेवा आणि दुसरा ड्राइव्ह असेल तर तोही पुसायला सांगा, नाहीतर डी ड्राइव्ह जसाच्या तसा जातो.

फोनच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा. अँड्रॉइड ५.१ पासून फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन आहे : चोराने बटणं दाबून फोन रिसेट केला तरी सुरू करताना जुन्या गूगल खात्याची ओळख मागितली जाते. म्हणून आधी पडद्याचं लॉक आणि गूगल खातं फोनमधून काढा, नंतर सेटिंग्जमधूनच रिसेट करा. गूगलचा पासवर्ड नुकताच बदलला असेल तर २४ तास थांबा. आयफोन असेल तर ‘फाइंड माय’ बंद करून साइन आउट करा, कारण २०१३ पासूनचं ॲक्टिव्हेशन लॉक रिसेटने निघत नाही. स्मार्ट घड्याळ जोडलेलं असेल तर तेही आधी वेगळं करा. बँकेच्या ॲपमधून या फोनची नोंद काढा, सिम आणि मेमरी कार्ड बाहेर काढा.

मग फोन रिसेट करा आणि भावाला देण्याआधी स्वतः एकदा चालू करून वाय-फायला जोडून पाहा. भाषा निवडण्याच्या पडद्यापासून पुढे सरकत नवं खातं टाकण्यापर्यंत पोचलात की झालं. मध्येच जुन्या खात्याचा पासवर्ड मागितला तर फोन अजून तुमच्याच नावावर आहे. तोच पासवर्ड टाकून आत जा, खातं काढा आणि पुन्हा एकदा रिसेट करा.